एका उताराची गोष्ट

दोस्तांनो, ‘नागरिकशास्त्र’ हा शब्द ऐकल्यावर तुमच्यापैकी किती जणांना जांभई येते? खरं सांगा हं, हात वर करायला लाजू नका! इतिहासात कशा लढाया असतात, तह असतात, गनिमी कावा असतो. आणि नागरिकशास्त्रात? ‘कायदेमंडळाची रचना लिहा’, ‘कार्यकारी मंडळाची कामे सांगा’. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचं, दुसऱ्या दिवशी पेपरात उतरवायचं आणि तिसऱ्या दिवशी विसरायचं. झालं!

आज मी तुम्हाला नेमका हाच धडा सांगणार आहे, आणि तोही अमेरिकेचा. पण पान उलटू नका. या धड्यात एक जिना आहे, एक आठ वर्षांची मुलगी आहे, तीन आठवड्यांहून जास्त चाललेला ठिय्या आहे आणि शेवटी एक गणितही आहे. गणित सोपं आहे, बरं का!

जिन्यावरची जेनिफर

तारीख १२ मार्च १९९०. ठिकाण वॉशिंग्टन, अमेरिकेची राजधानी. शेकडो माणसांचा एक मोर्चा व्हाइट हाऊसपासून निघाला. व्हाइट हाऊस म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं घर आणि कचेरी. मोर्चा चालला होता कॅपिटॉलकडे. कॅपिटॉल म्हणजे पांढऱ्याशुभ्र घुमटाची ती प्रसिद्ध इमारत. अमेरिकेची संसद तिथे भरते. मोर्च्यात कुणी व्हीलचेअरवर होतं, कुणी कुबड्यांवर.

कॅपिटॉलच्या पश्चिमेला सत्तरहून जास्त पायऱ्यांचा उंच जिना आहे. तिथे पोचल्यावर सुमारे साठ जणांनी आपल्या व्हीलचेअर सोडल्या, कुबड्या बाजूला ठेवल्या आणि जिना चढायला सुरुवात केली. कसा? कुणी कोपरांवर, कुणी गुडघ्यांवर, कुणी पाठमोरं बसून एकेक पायरी वर सरकत. त्यांच्यात जेनिफर कीलन नावाची एक मुलगी होती. वय वर्षं आठ. तिला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नसत. हातांनी शरीर ओढत ती निघाली. रात्र झाली तरी चालेल, पण मी वर जाणारच, असा तिचा हट्ट. आणि गेली की! अगदी शेवटच्या पायरीपर्यंत गेली.

तुम्ही म्हणाल, हा खटाटोप कशासाठी? तर त्या इमारतीत एक विधेयक अडकून पडलं होतं. विधेयक म्हणजे कायदा होण्याआधीचा मसुदा. दुकान, हॉटेल, बस, कचेरी, नोकरी यांपैकी कुठेही दिव्यांग माणसाला केवळ त्याच्या अपंगत्वामुळे अडवता येणार नाही, असं ते विधेयक सांगत होतं. संसदेच्या एका सभागृहाने ते सहा महिन्यांपूर्वीच मंजूर केलं होतं. दुसऱ्या सभागृहात मात्र ते या समितीतून त्या समितीत फिरत होतं. म्हणजे बघा, बाहेर जेनिफर पायऱ्या चढत होती आणि आत विधेयकही पायऱ्याच चढत होतं.

दोन टोकं, एक रस्ता

मोर्चा व्हाइट हाऊसकडून कॅपिटॉलकडे गेला, हे लक्षात ठेवा. दोन्हींमध्ये दोनएक किलोमीटरचं अंतर आहे आणि अमेरिकेच्या सरकारचा बराचसा कारभार याच दोन टोकांच्या ओढाताणीवर चालतो.

तुमच्या सोसायटीची सभा आठवा. गच्ची गळते, ती दुरुस्त करायची आणि त्यासाठी इतके पैसे खर्चायचे, हे सभा ठरवते. मग गवंडी बोलावणं, माल आणणं, काम करून घेणं हे सेक्रेटरीकाकांकडे. ठरवणारं ते कायदेमंडळ, करवून घेणारं ते कार्यकारी मंडळ. तिसरं असतं न्यायमंडळ. भांडण झालंच तर नियमाचा अर्थ काय, हे ते सांगतं. त्याची गोष्ट पुन्हा केव्हातरी.

आता गंमत ऐका. आपल्याकडे पंतप्रधान आणि मंत्री हे संसदेतलेच असतात. मंत्री झालेली व्यक्ती खासदार नसेल, तर तिला सहा महिन्यांत खासदार व्हावं लागतं. लोकसभेतलं बहुमत गेलं की सरकारही जातं. अमेरिकेत मात्र ठरवणाऱ्यांना आणि करवून घेणाऱ्यांना मुद्दाम वेगवेगळं ठेवलंय. राष्ट्राध्यक्ष संसदेचे सभासद नसतात, त्यांचे मंत्रीही नसतात. संसदेतल्या कुणाला मंत्री व्हायचं असेल, तर आधी तिथल्या जागेचा राजीनामा द्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षांची मुदत ४ वर्षांची. संसदेत त्यांच्या विरोधी पक्षाचं बहुमत आलं, तरी त्यांची खुर्ची जात नाही. बहुमत त्यांच्याबरोबर नसताना त्यांनी कारभार चालवायचा आणि तेही समोरच्यांशी वाद घालत घालत!

असं का केलं? १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात जी मंडळी राज्यघटना लिहायला बसली, ती काही वर्षांपूर्वीच इंग्लंडच्या राजाशी लढून स्वतंत्र झाली होती. सगळी सत्ता एकाच हातात गेली की काय होतं, हे त्यांनी सोसलेलं होतं. म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगाच वाटून टाकला. काही किल्ल्या एकाकडे, काही दुसऱ्याकडे. महत्त्वाचं कुलूप उघडायचं तर दोघांनीही यायला हवं.

अमेरिकेच्या संसदेला ‘काँग्रेस’ म्हणतात. (आपल्याकडचा काँग्रेस पक्ष नव्हे हं!) तिची दोन सभागृहं. पहिलं प्रतिनिधीगृह, सभासद ४३५, मुदत फक्त २ वर्षं. दुसरं सिनेट, सभासद १००, मुदत ६ वर्षं. प्रतिनिधीगृहात जागा मिळतात त्या लोकसंख्येप्रमाणे, सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला सारख्याच दोन. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९० लाखांच्या आसपास आणि वायोमिंगची ६ लाखांहूनही कमी. प्रतिनिधीगृहात कॅलिफोर्नियाचे ५२ जण बसतात, वायोमिंगचा एकटा. पण सिनेटमध्ये? दोघांचेही दोनच! १७८७ मध्ये मोठी राज्यं म्हणत होती, ‘आमची माणसं जास्त, आम्हाला जागा जास्त.’ लहान राज्यं म्हणत होती, ‘मग आमचं ऐकणार कोण?’ तेव्हा दोघांचंही थोडं थोडं ऐकून ही तोड निघाली.

विधेयकाच्या पायऱ्या

आता आपल्या विधेयकाकडे येऊ. ते पहिल्यांदा मांडलं गेलं १९८८ मध्ये. सिनेटमध्ये मांडलं लॉवेल वायकर यांनी, त्यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता. प्रतिनिधीगृहात मांडलं टोनी कोएल्हो यांनी, ते स्वतः अपस्माराचे रुग्ण होते. ज्यांच्या घरात किंवा अंगात हा प्रश्न होता, त्यांनीच तो हातात घेतला होता. पण त्या वर्षी ते विधेयक काही पुढे सरकलं नाही. काँग्रेसची मुदत दोन वर्षांची असते. ती संपली की अर्धवट राहिलेली विधेयकं आपोआप बाद! दोन वर्षांनी पाटी कोरी.

मे १९८९ मध्ये पुन्हा श्रीगणेशा. या वेळी सिनेटमध्ये पुढाकार घेतला टॉम हार्किन यांनी. विधेयकाला नंबर मिळाला एस. ९३३. मग आली समितीची पायरी. समिती म्हणजे चाळणीच म्हणा ना. दर दोन वर्षांत काँग्रेसमध्ये हजारो विधेयकं मांडली जातात आणि त्यातली काहीशेच कायदा होतात. बाकीची बहुतेक समितीतच अडकून संपतात. समिती लोकांना बोलावते, साक्षी घेते, शब्द न् शब्द तपासते. आमचं विधेयक (आता मी त्याला ‘आमचं’च म्हणायला लागले बघा!) या चाळणीतून निघालं आणि ७ सप्टेंबर १९८९ रोजी सिनेटने ते ७६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केलं.

आता प्रतिनिधीगृह. तिथे एक नाही, दोन नाही, चार समित्या! नोकरीचं एकीकडे, बस आणि रेल्वेचं दुसरीकडे, असं करत सहा महिने गेले. तोवर १२ मार्च उजाडला आणि जेनिफर आणि तिचे सोबती जिना चढले. २२ मे १९९० रोजी प्रतिनिधीगृहानेही विधेयक मंजूर केलं, ४०३ विरुद्ध २०.

संपलं? छे! दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले मसुदे शब्दशः सारखे नव्हते आणि कायदा तर एकच हवा. मग दोन्हीकडच्या सभासदांची एक संयुक्त समिती बसली. सगळ्यात मोठा वाद कशावरून, माहीत आहे? हॉटेलातल्या स्वयंपाकघरावरून. एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाला स्वयंपाकाच्या कामावरून हलवता येईल, असं एक कलम प्रतिनिधीगृहाने घातलं होतं. वास्तविक एचआयव्ही अन्नातून पसरत नाही. पण तेव्हा लोकांच्या मनात या आजाराची भीती फार होती आणि भीतीने कलम लिहिलं होतं. शेवटी तोड निघाली ती अशी: अन्नातून कोणते रोग पसरतात याची यादी आरोग्यमंत्र्यांनी शास्त्राच्या आधारे करायची आणि फक्त तिलाच प्रमाण मानायचं. काँग्रेसने तत्त्व ठरवलं, यादी करायचं काम कार्यकारी मंडळाला दिलं. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१२ आणि १३ जुलैला दोन्ही सभागृहांनी पुन्हा मतदान केलं. प्रतिनिधीगृहात ३७७ विरुद्ध २८, सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ६. त्या दिवशी सिनेटर हार्किन भाषणाला उभे राहिले आणि काही वेळ तोंडाने बोललेच नाहीत. हातांच्या खुणांनी बोलले. त्यांचे भाऊ बहिरे होते. ज्या सभागृहात शब्दांचा एवढा पाऊस पडतो, तिथे त्या दिवशी काही क्षण भावाची भाषा चालली. मला या सगळ्या हकिकतीतला हा तुकडा फार आवडतो.

सही की नकार?

विधेयक आता व्हाइट हाऊसमध्ये गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या हातात असतात रविवार वगळून १० दिवस. पटलं तर सही करायची. नाही पटलं तर कारणं लिहून परत पाठवायचं, याला म्हणतात व्हेटो, म्हणजे नकाराधिकार. काहीच न करता दहा दिवस गेले आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू असलं, तर सहीशिवायच कायदा होतो!

राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला तरी काँग्रेस अगदीच हतबल नसते. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं मिळाली की नकार उलटवता येतो. पण दोन-तृतीयांश म्हणजे तोंडचा घास नव्हे. ऐका, त्याच १९९० सालची गोष्ट. नोकरीत वर्णावरून किंवा स्त्री-पुरुष असा भेद करणाऱ्यांविरुद्धचा कायदा कडक करणारं दुसरं एक विधेयक काँग्रेसने मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याला नकार दिला. सिनेटमध्ये पुन्हा मतदान झालं. हवी होती ६७ मतं, पडली ६६. एका मताने नकार टिकला! पुढच्या वर्षी वाटाघाटी होऊन, काही शब्द बदलून, त्या विषयावरचा कायदा झाला. नकार म्हणजे नेहमीच शेवट नसतो, कित्येकदा ते ‘पुन्हा बोलायला बसा’ असं सांगणं असतं.

आपल्या विधेयकावर मात्र याच बुशसाहेबांनी आनंदाने सही केली. ते रिपब्लिकन पक्षाचे, तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं. तरीही दोघं या प्रश्नावर एक झाले. २६ जुलै १९९० रोजी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर सुमारे तीन हजार माणसांसमोर सही झाली. मार्चमध्ये मोर्चा जिथून निघाला होता, तिथेच विधेयक साडेचार महिन्यांनी कायदा झालं.

दादाचा जिना

तुम्ही विचाराल, सांगलीकडच्या एका बाईला सातासमुद्रापलीकडच्या कायद्याचं एवढं काय? त्यासाठी थोडं घरचं सांगावं लागेल.

माझा एक मावसभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय अधू झाले. तालुक्याच्या गावी शाळा, सातवीचा वर्ग माडीवर आणि वर जायला अरुंद लाकडी जिना. दादा दप्तर गळ्यात अडकवून, हातांनी पायऱ्या धरत, बसत-बसत वर जायचा. मधल्या सुट्टीत तो खाली उतरायचाच नाही, कारण उतरलं की पुन्हा चढणं आलं. दिवसभर पाणीही पीत नसे. का, ते तुम्हीच ओळखा.

मग शाळेत नवे हेडमास्तर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दादाला जिन्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग खाली आला आणि खालचा एक वर्ग माडीवर गेला. एवढंच! एक पैसा खर्च झाला नाही. त्या वर्षी दादा पहिल्यांदा मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटचा अंपायर झाला. त्याचा निर्णय कुणी मोडत नसे.

दोन वर्षांनी हेडमास्तरांची बदली झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीचा वर्ग माडीवर होता. मावशी नव्या हेडमास्तरांना भेटायला गेली. माणूस वाईट नव्हता. ‘बघू’ म्हणाले. ते बघणं चालू असतानाच दिवाळी आली आणि दिवाळीनंतर दादा शाळेत गेला नाही. पुढे घड्याळं दुरुस्त करायला शिकला, पंचक्रोशीत नाव कमावलं. पण त्याला गणिताचे मास्तर व्हायचं होतं.

चांगल्या माणसाच्या मर्जीने मिळते ती मेहेरबानी. माणूस बदलला तरी जे टिकतं, तो हक्क. वर्ग खाली असावा हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, म्हणून पहिल्या हेडमास्तरांचा चांगुलपणा त्यांच्या बदलीबरोबरच गावाबाहेर गेला. कायदेमंडळ कशासाठी असतं, हे मला पुस्तकापेक्षा दादाच्या त्या जिन्याने जास्त शिकवलं.

कायदा झाला, पुढे काय?

पण थांबा. लिहिलं म्हणजे झालं का? इथे कार्यकारी मंडळाचं काम सुरू होतं आणि इथेच खरी मेख असते.

१९७३ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. त्याच्या ५०४ क्रमांकाच्या कलमात म्हटलं होतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंग माणसाशी भेदभाव करता येणार नाही. कलम एका वाक्याचं. पण भेदभाव म्हणजे नेमकं काय? शाळेला उतार नसणं हा भेदभाव का? दवाखान्याचं दार अरुंद असणं हा भेदभाव का? हे ठरवणारे नियम करायचे होते कार्यकारी मंडळातल्या एका खात्याने. आणि ते नियम काही निघेनात! राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, फोर्ड आले, तेही गेले, कार्टर आले. कायदा पुस्तकात, माणसं दाराबाहेर.

५ एप्रिल १९७७ रोजी त्या खात्याच्या सॅनफ्रान्सिस्कोच्या कचेरीत शंभराहून जास्त दिव्यांग माणसं शिरली आणि तिथेच ठाण मांडून बसली. त्यांचं नेतृत्व करणाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन होत्या. लहानपणी त्यांनाही पोलिओ झालेला. व्हीलचेअरमुळे आग लागल्यास धोका होईल, असं कारण देऊन त्यांना लहानपणी शाळेने प्रवेश नाकारला होता. मोठेपणी शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा त्यांनी कोर्टात जाऊन तो मिळवला. अशी बाई मागे हटणार थोडीच! कचेरीतले टेलिफोन तोडले, तेव्हा बहिऱ्या निदर्शकांनी खिडकीतून हातांच्या खुणा करून बाहेर निरोप पाठवले. तीन आठवडे उलटले आणि २८ एप्रिलला खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. कायदा होऊन साडेतीन वर्षं झाली होती!

पुढची गंमत अशी की याच ज्युडिथबाई १९९३ पासून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेल्या. अशा पदांवर राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट मंजुरी देते, म्हणजे तिथेही दोन किल्ल्या! ज्या सरकारच्या कचेरीत त्या कधीकाळी ठाण मांडून बसल्या होत्या, त्याच सरकारात त्या अधिकारी झाल्या.

१९९० च्या कायद्यात मात्र काँग्रेसने आधीच मुदत घातली होती: कायदा खात्याने एका वर्षात नियम काढावेत. आणि ते निघाले २६ जुलै १९९१ रोजी, बरोब्बर एका वर्षाने. त्यात काय काय होतं सांगू? दार किती रुंद हवं, पकडायचा दांडा किती उंचीवर हवा आणि व्हीलचेअरसाठीचा उतार किती चढाचा हवा. उताराचं प्रमाण ठरलं १:१२. म्हणजे एक इंच वर चढायचं, तर उताराची लांबी निदान बारा इंच हवी. यापेक्षा उभा उतार केला तर हातांनी चाकं फिरवणारा माणूस दमतो, किंवा खुर्ची मागे घसरते. आता कळलं दोन्ही मंडळांचं काम? ‘कुणालाही दाराबाहेर ठेवू नका’ हे काँग्रेस म्हणाली. त्याचे ‘एकाला बारा’ कार्यकारी मंडळाने केले. पहिलं नसेल तर दुसऱ्याला आधार नाही, दुसरं नसेल तर पहिलं नुसतं छान वाक्य.

मी न्यू जर्सीला भाचीकडे गेले होते, तेव्हाची एक साधी गोष्ट. आम्ही बसमध्ये होतो. एका थांब्यावर बस उभी राहिली आणि फुस्सकन आवाज करत एका बाजूला खाली वाकली. दारातून एक लोखंडी फळी बाहेर पडली. व्हीलचेअरवरचे एक आजोबा त्यावरून आत आले, ड्रायव्हरने त्यांची खुर्ची पट्ट्याने बांधली आणि बस निघाली. कुणी ‘अरेरे’ म्हटलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं. ड्रायव्हर उपकार करत नव्हता आणि आजोबाही उपकार घेत नव्हते. मला त्या क्षणी दादाची फार आठवण झाली.

सगळं छानच आहे असं मात्र समजू नका. दोन मंडळांची ओढाताण कधी कधी गाडीच थांबवते. सरकारी खर्चाला मंजुरी देण्याची किल्ली काँग्रेसकडे असते. तिथे एकमत झालं नाही, तर पैशाअभावी कचेऱ्या बंद पडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असं ४३ दिवस झालं आणि लाखो सरकारी नोकरांचे पगार रखडले. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सहीने हुकूम काढू शकतात, काम झटपट होतं. पण पुढचे राष्ट्राध्यक्ष तो एका सहीने रद्दही करू शकतात. (पुन्हा हेडमास्तरांची बदली!) काँग्रेसमधून पायरी-पायरीने चढून आलेला कायदा सहजासहजी पुसता येत नाही. १९९० च्या कायद्याचा अर्थ पुढे न्यायालयांनी फारच आखडता घेतला, तेव्हा २००८ साली काँग्रेसने तो दुरुस्त केला. त्या दुरुस्तीवर सही कुणाची? पहिली सही करणाऱ्या बुश यांच्या मुलाची. तेही तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते!

आणि आता गणित

आपल्या देशातही असा कायदा आहे. पहिला झाला १९९५ साली आणि त्याच्या जागी अधिक व्यापक असा नवा कायदा आला २०१६ साली. म्हणजे लिहिण्याचं काम झालंय. नियमांप्रमाणे काम झालंय की नाही, हे बघायला मात्र कुणीतरी जावं लागतं. तुम्हीच का नाही?

एक पट्टी घ्या. शाळेच्या दारातल्या पायऱ्यांची उंची मोजा. समजा तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी ६ इंचांच्या. एकूण चढ १८ इंच. त्याला १२ ने गुणा. २१६ इंच, म्हणजे १८ फूट. एवढ्या लांबीचा उतार तिथे हवा. आहे का? असला तर तो तेवढा लांब आहे, की सिमेंट उरलं म्हणून केलेली घसरगुंडी आहे? पोस्ट ऑफिस, वाचनालय, दवाखाना, बँक इथेही मोजा. आकडे वहीत लिहा आणि आई-बाबांना दाखवा.

आणि आई-बाबांनो, तुम्ही एवढंच करा. ते आकडे घेऊन मुख्याध्यापकांकडे, नगरपालिकेत जाताना मुलांना बरोबर न्या. अर्ज कसा लिहितात, पोच कशी घेतात, ‘बघू’ म्हणाले तर ‘कधीपर्यंत?’ हे नम्रपणे कसं विचारतात, हे त्यांना समोर दिसू द्या.

मुलांनो, मोजमाप झालं की मला पत्राने कळवा. पायऱ्या किती, चढ किती, उतार किती फुटांचा हवा, सगळं लिहा. आणि अर्ज दिल्यावर काय उत्तर मिळालं, ते तर नक्कीच लिहा!